राई राखील तो डोंगर राखील

(सह्याद्रीतील स्थानिक वनस्पतींचे संशोधन आणि संवर्धन या विषयावर खेड, जि. रत्नागिरी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



खेडच्या बाजारपेठेतून पूर्वेकडे दृष्टी टाकली की सह्याद्रीची निळसर भिंत क्षितिज व्यापून उभी असलेली दिसते. महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड ही दुर्गत्रयी याच भिंतीच्या कुशीत वसली आहे. भिंतीच्या पलीकडे कोयनेचे खोरे आणि अलीकडे जगबुडीचे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणारा हा डोंगर म्हणजे केवळ दगडमातीचा ढीग नव्हे. जगात अन्यत्र कोठेही न उगवणाऱ्या शेकडो वनस्पतींचे ते माहेरघर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत. त्यांपैकी कोयनेचे अरण्य तर खेड तालुक्याच्या शेजारचे.

जगाने मान तुकवली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाबरोबर उत्तरदायित्वही येते. ज्या डोंगराला जगाने वारसा म्हटले, त्याच्या पायथ्याला राहणाऱ्या समाजाला त्या वारशातील किती झाडांची नावे ठाऊक आहेत? आजोबांना शंभर वनस्पती ओळखता येत असतील, तर वडिलांना तीस आणि नातवाला पाच, ही आज अनेक घरांची अवस्था आहे. वनस्पती नष्ट होण्याआधी तिचे नाव विस्मरणात जाते. जिचे नाव कोणी घेत नाही, तिच्यावर कुऱ्हाड पडली तरी कोणाला हळहळ वाटत नाही.

ज्ञान आपले, नोंद परक्यांची

भारतीय वनस्पतींचा अभ्यास इंग्रजांनी सुरू केला, अशी एक समजूत सुशिक्षितांच्या मनात घट्ट बसली आहे. ती अर्धसत्य आहे. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा महाग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णने आहेत. युरोपच्या वनस्पतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या लिनियसने त्याचा आधार घेतला. परंतु या ग्रंथातील ज्ञान आले कोठून? इट्टी अच्युदन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी भाषिक वैद्य यांच्याकडून. या तिघांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत लिहून दिलेले प्रमाणपत्र त्या ग्रंथातच छापलेले आहे. युरोपात पोहोचलेल्या त्या ज्ञानावर आपल्याच किनाऱ्यावरील वैद्यांची स्वाक्षरी आहे. ही गोष्ट शाळेच्या किती पुस्तकांत सापडते?

इंग्रजी अमदानीत हे चित्र पालटले. ग्रॅहॅमने १८३९ मध्ये मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची केली. ती पूर्ण होण्यापूर्वीच त्याचे निधन झाले आणि निम्मो या त्याच्या सहकाऱ्याने ती तडीस नेली. डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ लिहिला. या लोकांच्या परिश्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. आजही सह्याद्रीचा अभ्यासक कुकचे पान उलटल्याखेरीज पुढे जात नाही. परंतु त्यांना रानातून वाट दाखवणारा कातकरी, झाडाचे स्थानिक नाव सांगणारा धनगर, मुळीचा गुण सांगणारा वैदू यांची नावे त्या ग्रंथांत क्वचितच आढळतात. सह्याद्रीच्या कड्यावर उगवणाऱ्या एका दुर्मीळ वनस्पतीला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव मिळाले. तिला ‘शिंदळ माकुडी’ म्हणणारा गावकरी मात्र अनामिक राहिला.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे आणि ती उमेद वाढवणारी आहे. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. उत्तरायुष्यात त्यांनी पुण्यास १९४६ मध्ये ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ची स्थापना केली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था होय. परक्या सत्तेच्या अखेरच्या वर्षी, स्वभाषिकांच्या देणग्या गोळा करून, आपल्या मातीतील विज्ञानाची उपासना आपणच केली पाहिजे या निष्ठेने उभी राहिलेली ही संस्था. पुढे याच संस्थेतील डॉ. वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीच्या राना-राईंतून आयुष्यभर पायपीट केली.

स्वातंत्र्यानंतर जी पिढी घडली, तिने वनस्पतींना आपल्या भूमीची नावे दिली. साताऱ्याच्या पठारावरील वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात ‘सातारा’ आहे. एका कंदीलपुष्पाच्या नावात ‘सह्याद्री’ आहे. पाणथळ जागी उगवणाऱ्या एका गेंदाच्या नावात ‘रत्नागिरी’ आहे. नामकरणाला प्रतीकापलीकडेही मोल आहे. शास्त्रात नाव नोंदले गेले की त्या वनस्पतीला अस्तित्व मिळते, आणि ज्याला अस्तित्व आहे त्याचेच संरक्षण मागता येते.

कंदीलपुष्पाचा धडा

संशोधन आणि संवर्धन यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर कंदीलपुष्पाकडे पाहावे. ‘सेरोपेजिया’ या प्रजातीतील ही झाडे सह्याद्रीच्या उतारांवर, गवतात, कड्यांच्या कपारींत पावसाळ्यात उगवतात. फुलाचा आकार कंदिलासारखा. आतल्या नळीत खाली वळलेले केस असतात. सुगंधाने खेचली गेलेली चिमुकली माशी आत शिरते, पण केसांमुळे तिला परतता येत नाही. फूल कोमेजू लागले की केस सैल पडतात आणि परागकण अंगावर घेऊन माशी सुटते. एवढी सूक्ष्म रचना एका गवतातल्या झुडपात!

परंतु या झाडाचा कंद खाण्याजोगा असतो. गुराखी तो उकरून खातात, साळिंदर आणि रानडुकरेही खातात. त्यात भर म्हणून उन्हाळ्यातील वणवे, रस्त्यांची खोदकामे आणि चराईचा ताण. परिणामी यांतील अनेक जाती एखाद्या-दुसऱ्या डोंगरापुरत्या उरल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाती डोंगरोडोंगरी शोधल्या, त्यांची रोपे उद्यानात आणि प्रयोगशाळेत वाढवली आणि मूळ अधिवासात पुन्हा लावण्याचा उद्योग आरंभला. शिंदळ माकुडीच्या बाबतीत सातारा जिल्ह्यातील शिंदेवाडी येथील नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने अशाच स्वरूपाचे काम केले.

या कार्यातून एक मूलभूत सत्य हाती लागते. दुर्मीळ वनस्पती कुंडीत जगवणे म्हणजे संवर्धन नव्हे. ती तिच्या कड्यावर, तिच्या माशीसह, तिच्या गवतासह जगली पाहिजे. वनस्पती म्हणजे एकटे झाड नसून ती एक कुटुंबव्यवस्था आहे. व्यक्तीचा विचार समाजापासून तोडून करता येत नाही, असे आपले चिंतन सांगते. निसर्गाचे शास्त्रही नेमके तेच सांगते.

नरक्याची शोकांतिका

संशोधन झाले, पण समाज जागा नसला, तर काय घडते याचे उदाहरण नरक्या या झाडाने घालून दिले आहे. घाटमाथ्याच्या आणि उताराच्या दाट रानात वाढणारा हा लहानसा वृक्ष. फुलांना दुर्गंध, म्हणून हे नाव. ग्रॅहॅमची सूची पूर्ण करणाऱ्या निम्मोचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात आजही आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून ‘कॅम्पटोथेसिन’ हे द्रव्य वेगळे केले. हे डॉ. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. या द्रव्यात कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखण्याचा गुण आढळला. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखवून दिले. १९९६ मध्ये या द्रव्यापासून सिद्ध झालेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. सह्याद्रीच्या दुर्गंधी झुडपाला अकस्मात सोन्याचे मोल आले.

वास्तविक हा कोकणाच्या भाग्योदयाचा क्षण ठरायला हवा होता. नरक्याची शास्त्रशुद्ध लागवड झाली असती, गावागावांत सहकारी तत्त्वावर संकलन झाले असते, औषधनिर्मितीचा वाटा स्थानिकांना मिळाला असता. घडले ते विपरीत. दलाल आले. गरीब मजुरांकडून कवडीमोलाने तोड करून घेण्यात आली. खोडाबरोबर मुळेही उपसली गेली आणि पोत्यांतून, ट्रकांतून माल बाहेर गेला. वनखात्याने छापे घातले, माल पकडला, खटले भरले; पण तोवर अनेक घाटांतील नरक्या विरळ झाला होता. हा वृक्ष बुंध्याशी तोडला तरी पुन्हा फुटतो. मुळे उपसली की संपतो. एवढे साधे ज्ञान तोडणाऱ्या हाताला कोणी दिले असते, तरी निम्मी हानी टळली असती.

आपल्याच एका पुत्राने ज्याचा गुण जगाला सांगितला, ते द्रव्य आपल्याच डोंगरात होते आणि आपल्याच माणसांनी ते मुळासकट उपटून परक्याच्या पदरात टाकले. यात केवळ परक्यांना दोष देऊन भागणार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती लढाई जिंकता आली, कारण हळदीचा वापर आपल्या ग्रंथांत नोंदलेला होता. ज्याची नोंद होती, ते वाचले. ज्याची नोंद नव्हती, ते लुटले गेले. नरक्या आणि हळद यांच्यातील हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याने मनावर कोरून ठेवावा.

देवाच्या नावाने राखलेले रान

आपल्या पूर्वजांकडे शास्त्रीय सूची नसतील, पण त्यांच्याकडे राखण्याची व्यवस्था होती. कोकणातील गावोगावची देवराई ही ती व्यवस्था. काळकाई, झोलाई, वाघजाई, सोमजाई अशा ग्रामदेवतांच्या सभोवतालचे रान देवाच्या मालकीचे मानले गेले. तेथील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, अगदीच गरज पडली तर गावाने एकत्र बसून देवाचा कौल घ्यायचा, ही शिस्त. पहारेकरी नाही, दंडाची पावती नाही, तरीही शेकडो वर्षे ही राने उभी राहिली. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हीच दृष्टी दिसते. आरमारासाठी लाकूड हवेच. पण रयतेची आंबा-फणसाची झाडे तिने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून त्यांना बळाने हात लावू नये, धन्याला राजी करून आणि मोल देऊनच जीर्ण झाड न्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याची निकड आणि रयतेचे मन यांचा असा मेळ घालणारी नीती फार थोड्या राजवटींनी लिहून ठेवली आहे.

डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरहाटींचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७३ आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी जगाच्या शास्त्रज्ञांचे लक्ष या परंपरेकडे वेधले. भोवतालचे डोंगर बोडके झाले असताना या राईंत जुने वृक्ष, हातभर लांब शेंगांची गारंबीची अवाढव्य वेल, अन्यत्र दुर्मीळ झालेल्या जाती टिकून असल्याचे त्यांना आढळले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या ग्रामस्थांनी तर आपली राई तोडीतून वाचावी म्हणून त्यांच्याकडे धाव घेतली. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते : राई गेली, तर खालचा झरा आटेल. जलविज्ञान याहून वेगळे काय सांगते?

अलीकडचे उदाहरण दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील. तेथील देवराईत रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदलीतील दुर्मीळ वनराजी सापडली आणि राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. श्रद्धेने जे राखले, ते शास्त्राने ओळखले आणि कायद्याने त्याला संरक्षण दिले. श्रद्धा, शास्त्र आणि शासन असे एका दिशेने चालले, म्हणजे काय साध्य होते याचा हा पुरावा आहे.

जीर्णोद्धार की वृक्षोच्छेद?

आता जे सांगायचे आहे, ते कदाचित रुचणार नाही. परंतु आपल्याच माणसांत ते सांगितले पाहिजे.

आज कोकणातील देवरायांना सर्वांत मोठा धोका कोणाकडून आहे? ठेकेदाराकडून आहे, यात शंका नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी मालकीचे वन अत्यल्प. बहुतांश रान खाजगी जमिनींवर उभे आहे, आणि पैशाच्या नडीपायी ते तोडीला दिले जाते. पण देवाच्या राईवर पडणारी कुऱ्हाड पुष्कळदा भक्ताच्याच हातची असते. मुंबईकर चाकरमानी घाम गाळून वर्गणी गोळा करतात, गावच्या देवीचे मंदिर भव्य व्हावे अशी त्यांची मनापासून इच्छा असते. मग कौलारू देऊळ पाडून सिमेंटचे शिखर उभे राहते. सभामंडपासाठी चार झाडे, वाहनतळासाठी दहा, रस्त्यासाठी आणखी वीस, आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी उरलेल्या राईचा लिलाव. देवी चकाकत्या फरशीवर येते आणि तिचे रान नाहीसे होते.

या भक्तांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु देवराईत देव मूर्तीपुरता कधीच नव्हता. कित्येक राईंत मूर्ती नव्हतीच, शेंदूर लावलेला एक पाषाण असे. मंदिर छोटे आणि राई मोठी, हेच तेथील स्थापत्य होते. त्या परंपरेत राई हेच देवीचे मंदिर आहे. तेव्हा राई तोडून केलेला जीर्णोद्धार हा जीर्णोद्धार नसून उच्छेद आहे. कौलारू देवळाची डागडुजी करावी, गळती थांबवावी, दिवाबत्तीची सोय करावी. पण राईची सीमा इंचभरही मागे येता कामा नये. वर्गणीतील काही रक्कम देवळाइतकीच राईच्या कुंपणाला, झऱ्याच्या डागडुजीला, नव्या रोपांना द्यावी. जी गावे असा निर्णय घेतील, ती खऱ्या अर्थाने परंपरानिष्ठ म्हटली जातील.

हीच गोष्ट वृक्षारोपणाची. उत्साहाने खड्डे खणले जातात आणि लावले काय जाते? ऑस्ट्रेलियातून आलेला आकेशिया आणि मध्य अमेरिकेतील ग्लिरिसिडिया. लवकर वाढतात, गुरे तोंड लावत नाहीत, छायाचित्रात हिरवे दिसतात. परंतु त्या झाडांखाली आपले रान पुन्हा उभे राहत नाही, महाधनेशाला त्यावर फळ मिळत नाही. स्वदेशीचा आग्रह कापडापुरता आणि साबणापुरता मर्यादित का असावा? सह्याद्रीच्या उतारावर ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, सुरंगी आणि कोकम हेच स्वदेशी. पश्चिम घाटाचेच अपत्य असलेल्या कोकमावर शेजारच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काम करून ‘कोकम अमृता’ आणि ‘कोकम हातीस’ अशा जाती दिल्या. स्थानिक झाड आणि शेतकऱ्याचे उत्पन्न यांत विरोध नाही, हे या विद्यापीठाने आपल्या दाराशी सिद्ध केले आहे.

डोंगर बोलू लागतो तेव्हा

२२ जुलै २०२१ चा दिवस या तालुक्याला विसरता येणार नाही. जगबुडी आणि वाशिष्ठी कोपल्या होत्या, चिपळूण पाण्याखाली होते, आणि त्याच प्रलयात पोसरे येथे दरड कोसळून सतरा जीव गेले. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होतेच, आणि प्रत्येक दरडीचे खापर वृक्षतोडीवर फोडणेही शास्त्राला धरून होणार नाही. पण मुळांच्या जाळ्याने बांधलेली माती आणि उघडी माती यांत पावसाच्या वेळी फरक पडतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डोंगरावरील झाड हे खालच्या वाडीचे संरक्षक आहे. त्यामुळे हा विषय हौशी निसर्गप्रेमींचा नाही. तो घराघराच्या सुरक्षिततेचा आहे.

पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी २०११ मध्ये गाडगीळ समितीचा आणि २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघत राहिले; ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. त्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्राचा उल्लेख आहे. कायदा असावा की नसावा, कोणते गाव आत असावे, यावर मतभेद होतील, ते चर्चेने सुटावेत. घाटाखालच्या माणसाला घर बांधायचे आहे, शेती करायची आहे, रोजगार हवा आहे. त्याच्या डोक्यावर निर्बंध लादून शहराने पर्यावरणाचे श्रेय घ्यावे, हा न्याय नव्हे. परंतु कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे हाही शहाणपणा नव्हे. संगमेश्वर परिसरात पुण्याच्या ‘एईआरएफ’ या संस्थेने खाजगी रानाच्या मालकांशी करार करून, त्यांना मोबदला देऊन, रान तोडीपासून वाचवले. समाजाने मनावर घेतले, तर अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

प्रत्येक गावाला करता येईल असे

२००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला एक प्रभावी साधन दिले आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हावी, अशी त्यात तरतूद आहे. अनेक ठिकाणी या नोंदवह्या मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या. एका गावाची नक्कल दुसऱ्या गावाच्या नावावर खपली. ही नोंदवही म्हणजे गावाच्या वनसंपत्तीचा सातबारा आहे. सातबारा आपण कोणाकडून तरी उतरवून घेतलेला चालवून घेऊ का?

तेव्हा पहिले काम, नोंदवही नव्याने आणि खरी लिहावी. शाळेचे शिक्षक, गुरव, वैदू, घाटावरचा धनगर, कातकरी वाडीतील वृद्ध स्त्रिया यांना एकत्र बसवावे. पुस्तके शहरातून मिळतील. ज्ञान या मंडळींकडे आहे, आणि ते बोलावणे आल्याखेरीज बोलणार नाहीत. ज्याचे ज्ञान, त्याचे नाव नोंदीत यावे. तीन शतकांपूर्वी एका डच गव्हर्नरने जे सौजन्य दाखवले, ते आपण आपल्याच बांधवांना दाखवायला नको काय?

दुसरे काम, देवराईची सीमा मोजून ग्रामसभेच्या ठरावाने निश्चित करावी. तिसरे, गावाच्या रानातील बी योग्य महिन्यात गोळा करून गावातच रोपवाटिका करावी. चौथे, माघ-फाल्गुनात गवत वाळले की वणव्याआधी जाळरेषा काढाव्यात. एका वणव्यात दहा वर्षांची रोपे जातात.

पाचवे काम घरातील माता-भगिनींचे. कोकणात गौर तेरड्याची असते, आणि कळलावीच्या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. रानातील वनस्पतीला देवत्व देऊन घरात सन्मानाने आणणारा हा सण म्हणजे दरवर्षीचा वनस्पतिशास्त्राचा पाठच आहे. मुलांना सोबत घेऊन, नावे सांगत, मुळे न उपटता ती आणावी. वटपौर्णिमेला फांदी तोडून पुजण्यापेक्षा उभ्या वडाला सूत गुंडाळावे. शिमग्याच्या होमासाठी जे झाड तोडले जाते, त्याच जातीची दहा झाडे पावसाळ्यात लावण्याचा नेम मानकऱ्यांनी करावा. सण मोडायचे नाहीत. त्यांचा मूळ अर्थ पुन्हा जागवायचा आहे.

या कामांना मोठा निधी लागत नाही. लागतो तो नित्याचा उद्योग आणि चिकाटी. डोंगराचे काम कार्यक्रमापुरते नसते. रोप जगण्यासाठी किमान तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे कोणीतरी त्याच्याकडे पाहावे लागते. संघटित समाजाची खरी परीक्षा अशाच गाजावाजा नसलेल्या कामांत होते.

येत्या शिमग्यात मुंबईहून चाकरमानी गावी येतील, पालखी नाचेल, गाऱ्हाणे घातले जाईल. त्या गाऱ्हाण्यात गावाच्या सुखाबरोबर राईच्या रक्षणाचीही एक ओळ घालावी, आणि पालखी सहाणेवर बसली असतानाच मानकऱ्यांनी, ग्रामस्थांनी मिळून ठरवावे : देवीच्या राईतील झाड यापुढे तोडले जाणार नाही. देवीसमोर दिलेला शब्द मोडण्याची आपल्या गावांची रीत नाही.